आमरी मिरासदार कीं उपरी?

आपल्या नालासोपाऱ्याच्या व वसईच्या बाजूच्या वाड्यांतून जुन्या आंब्यांच्या खोडांवर जाड पानांचीं व लोंबत्या पांढुरक्या मुळ्यांचीं रोपें चिकटलेलीं असतात. आपण त्यांस सरसकट बांडगूळ म्हणतों, आणि बांडगूळ म्हटलें कीं त्यावर कोयता चालतो. आम्हींहि एकदां हेंच केलें. नोकरींत असतांना रजेवर घरीं आलों, तेव्हां गड्याकडून दोन आंबे साफ करून घेतले. पुढच्या ज्येष्ठांत आमच्या मातोश्री अंगणांत उभ्या राहून वर पाहूं लागल्या व म्हणाल्या, "अरे, सीतेची वेणी कुठें गेली?" तेव्हां आम्हांस कळलें कीं, आपण काढून टाकलें तें बांडगूळ नव्हतें, दरसाल फुलणारी आमरी होती. त्या दोन झाडांवर ती पुन्हां आली नाहीं.

ह्या गोष्टीची आठवण गेल्या वर्षीं पुन्हां झाली. आमच्या शेजारच्या वाडींत बावखलाच्या कांठीं एक मोठा रायवळ आंबा होता. जमीन इमारतीसाठीं दिलेली असल्यामुळें दिवाळीनंतर तो आंबा रीतसर परवानगीनें पडणार होता. त्यावर सीतेची वेणी फुललेली पाहून आम्हीं ती वांचवावी असें सुचविलें. त्यावर शेजाऱ्यांचे शिकलेले चिरंजीव म्हणाले, "काका, हें आसामचें फूल आहे. तिकडचें राज्यफूल आहे तें. कोणीतरी आणून बांधलें असेल. बाजारांत अशीं पुष्कळ मिळतात." त्यांचे आजोबा ओट्यावरून म्हणाले, "माझ्या लहानपणापासून ही इथेंच आहे." दोघांपैकीं खोटें कोणीच बोलत नव्हतें. पण निकाल कसा करावा?

आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. वनस्पतिशास्त्र आम्हांस येत नाहीं. परंतु जमिनीवर कोणाचा हक्क जुना व कोणाचा नवा, हें दप्तरावरून व स्थळपाहणीवरून कसें काढावें, हें अंगवळणीं पडलेलें आहे. पूर्वीं आपल्या मुलखांत वंशपरंपरेनें जमीन धरणाऱ्यास मिरासदार म्हणत, व बाहेरून येऊन ती कसणाऱ्यास उपरी म्हणत. आमरीविषयींचा प्रश्नहि असाच आहे, असें मनाशीं धरून आम्ही चौकशीस लागलों. ती कशी केली व तींतून काय निघालें, तें बागाईतदार बंधूंस उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

१. बांडगूळ व आमरी यांतील भेद

बांडगुळाचें बीं चिकट असतें. पक्षी तें फांदीवर टाकतात, तें रुजतें आणि आपलें मूळ सालीच्या आंत लाकडांत घुसवून झाडाचें पाणी व क्षार ओढून घेतें. म्हणून तें काढणें योग्यच आहे. आमरीचें तसें नाहीं. तिच्या मुळ्या सालीवरून पसरतात, आंत शिरत नाहींत. मुळीवर एक पांढुरकें स्पंजासारखें वेष्टण असतें. तें पावसाचें व दंवाचें पाणी शोषून धरतें. आमरीस झाडाकडून बसावयास जागा हवी असते, अन्न नव्हे. तिच्या एका मोठ्या जातीसमूहास शास्त्रांत व्हँडा असें नांव आहे. तें संस्कृतांतील वन्दा ह्या शब्दावरून घेतलेलें आहे, व वन्दा म्हणजे झाडावर वाढणारी वनस्पति. तेव्हां दोहोंस एकाच नांवाखालीं घालण्याची चूक आपणच पहिल्यानें केली असें नाहीं. परंतु कोयता हातीं घेण्यापूर्वीं मुळी सालींत शिरली आहे कीं सालीवर आहे, एवढें पाहणें कोणासहि अवघड नाहीं.

सर्वच आमरी झाडावर राहतात असेंहि नाहीं. पावसाळ्यांत माळावर व गवतांत जमिनींतून उगवणाऱ्या, पांढऱ्या फुलांच्या आमरीहि कोंकणांत व घाटमाथ्यावर पुष्कळ आहेत.

२. मूळची म्हणजे कोठली

चौकशीपूर्वीं दाव्याची भाषा नीट ठरली पाहिजे. जी वनस्पति एखाद्या प्रदेशांत माणसानें न आणतां आपली आपण आली, व तेथें आपल्या बळावर जगते आणि वाढते, ती तेथील मूळची, म्हणजे मिरासदार. माणसानें आणलेली पण आतां मोकळी होऊन आपोआप पसरणारी, ती स्थायिक झालेली उपरी. आणि लावल्यावांचून व जपल्यावांचून जी टिकत नाहीं, ती केवळ पाहुणी.

येथें दोन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला असा कीं, एखादी जात एका ठिकाणची मूळची ठरली म्हणजे ती दुसरीकडची नव्हे. सीतेची वेणी आसामचें राज्यफूल आहे हें खरें. पण ती श्रीलंका व भारत यांपासून म्यानमार व थायलंडमार्गें फिलिपाईन्स बेटांपर्यंत मूळचीच आहे. एका गांवीं मिरास असली म्हणून दुसऱ्या गांवची मिरास बुडत नाहीं. उलट कांहीं जाती फारच थोड्या मुलखापुरत्या असतात. आपल्याकडे थंडींत पानें गळलेल्या कांड्यांवर पांढरी फुलें येणारी डेंड्रोबियम बार्बाट्युलम ही आमरी भारताच्या दक्षिण द्वीपकल्पाबाहेर जगांत कोठें नैसर्गिक रीतीनें उगवत नाहीं. अशा जातीस प्रदेशनिष्ठ म्हणतात. ती येथून गेली म्हणजे जगांतूनच गेली.

दुसरा गैरसमज असा कीं, जुनें तें मूळचें. आपलें सोपारा हें प्राचीन शूर्पारक बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीं येथें परदेशचीं गलबतें लागत. पुढें १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. माणसांबरोबर झाडेंहि आलीं. काजू, पेरू, पपई, अननस व मिरची हीं सर्व अमेरिकेकडचीं. वसई किल्ल्याच्या परिसरांतील गोरखचिंच आफ्रिकेची, व आपली नेहमींची चिंचहि मूळची आफ्रिकेचीच. देवळाच्या आवारांतला देवचाफा अमेरिकेचा. झाडाचा घेर, लोकांची भक्ति व मराठी नांव ह्या तिन्ही गोष्टी असूनहि झाड उपरी निघूं शकतें. म्हणून एका पुराव्यावर निकाल देऊं नये.

३. पुराव्याचे पांच प्रकार

पहिला पुरावा जुन्या दप्तराचा. सुदैवानें आपल्या इलाख्याचें वनस्पतींचें दप्तर चांगलें आहे. जॉन ग्रॅहॅम यांनीं मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी १८३९ सालीं तयार केली. डाल्झेल व गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ सालीं निघाला. त्यांत मूळच्या वनस्पती मुख्य भागांत असून बाहेरून आणलेल्यांची पुरवणी वेगळी दिली आहे. आपल्या कामास ही वांटणी फार उपयोगी. थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या काळांत प्रसिद्ध झाला. केवळ आमरींवर सांतापाव व कपाडिया यांचें 'दि ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हें पुस्तक १९६६ सालीं निघालें. ह्याहून जुनें पाहावयाचें असेल तर मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याचा 'हॉर्टस मलबारिकस' हा १६७८ ते १६९३ मध्यें छापलेला बारा भागांचा ग्रंथ आहे. त्याच्या कामीं रंगभट, विनायक पंडित व आप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य होते, व त्यांचें नागरी लिपींतलें प्रशस्तिपत्र त्यांत छापलेलें आहे. शेवटल्या भागांत झाडांवरच्या आमरींचीं चित्रें आहेत.

हें दप्तर वाचतांना दोन खांचखळगे आहेत. एक नांवांचा. खातेदाराचें नांव फेरफारानें बदलतें, जमीन तीच राहते. सीतेच्या वेणीस १७५३ सालीं लिनिअसनें एपिडेंड्रम रेट्यूसम असें नांव दिलें. पुढें ती सॅकोलेबियम गटॅटम ह्या नांवानेंहि नोंदली गेली. आजचें नांव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. आजचेंच नांव घेऊन जुनीं पुस्तकें चाळणारा "नोंद नाहीं" असा चुकीचा शेरा मारील. दुसरा खळगा गांवांच्या नांवांचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला; त्यापूर्वींच्या सर्व नोंदी ठाणें जिल्ह्याखालीं पाहाव्या लागतात. वसईस इंग्रजींत बेसीन म्हणत, आणि म्यानमारांतहि एक बेसीन होतें. आजच्या पालघर तालुक्याचें जुनें नांव माहीम तालुका, पण माहीम मुंबईंतहि आहे. चिठ्ठीवरील गांव कोणतें हें ठरल्याशिवाय पुढें जाऊं नये.

दुसरा पुरावा वाळविलेल्या नमुन्याचा. पुस्तकांतील ओळ ही सातबाऱ्यासारखी, तर नमुना हा मूळ दस्तऐवज. कागदावर चिकटविलेली वाळकी डहाळी, तिच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख व गोळा करणाराचें नांव. तज्ज्ञास ती शंभर वर्षांनींहि पुन्हां तपासतां येते. मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेजांतील ब्लॅटर संग्रह १९०६ सालापासूनचा आहे, व पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रांत मोठा संग्रह आहे. ठिकाणाच्या नोंदीचें महत्त्व सोपाऱ्याच्या माणसास वेगळें सांगावयास नको. १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांना येथें अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला. कोठें मिळाला हें ठाऊक आहे म्हणून तो सोपाऱ्याचा इतिहास सांगतो; ठिकाण हरवलें असतें तर तो नुसता कोरीव दगड राहिला असता.

तिसरा पुरावा वहिवाटीचा, म्हणजे स्थळपाहणीचा. रोप एकाच झाडावर आहे कीं अनेक झाडांवर? वस्तीजवळच आहे कीं दूर रानांतहि? सर्व रोपें एका वयाचीं आहेत कीं लहानमोठीं मिसळलेलीं? खोडास काथ्याची किंवा तारेची खूण आहे काय? आमरीच्या बाबतींत ही पाहणी विशेष बोलकी असते. तिचें बीं धुळीसारखें बारीक असतें. एका बोंडांत हजारों, व कांहीं जातींत लाखों. पण त्यांत अन्नाचा सांठा नसतो. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच तें रुजतें. फुलांतील पराग नेण्यासहि पुष्कळ जातींस ठराविक कीटक लागतो. म्हणून जेथें आपोआप रुजलेलीं लहान रोपें दिसतात, तेथें बुरशी व कीटक हे दोन्ही सोबती हजर आहेत असें समजावें. व्हॅनिला हीहि एक आमरीच, मूळची मेक्सिकोकडची. ती परदेशांत वेल म्हणून उत्तम वाढे, पण शेंग धरीना; १८४१ सालीं रियुनियन बेटांतील एडमंड आल्बियस ह्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें हातानें परागसिंचन करण्याची सोपी रीत काढली, तेव्हां तिची लागवड परमुलखांत फायद्याची झाली. आजहि आपल्या देशांतील व्हॅनिलाच्या बागांत तें काम हातानेंच करावें लागतें. ही पाहुणी ओळखण्याची उत्तम खूण.

मात्र ही खूण एकटी पुरेशी नाहीं. आपल्या देशांत ओलसर गवतांत उगवणारी झ्यूक्सीन नांवाची बोटभर आमरी १९३६ सालीं अमेरिकेंत फ्लोरिडा प्रांतीं प्रथम नोंदली गेली, आणि पुढें हिरवळींतून आपोआप पसरली. येथली मिरासदार तेथें स्थायिक उपरी झाली.

चौथा पुरावा चतुःसीमेचा. आजूबाजूच्या मुलखांत ती जात आहे काय? उत्तरेस डहाणूकडे, पूर्वेस सह्याद्रींत, दक्षिणेस रत्नागिरीपर्यंत ती सलग आढळत असेल, तर मधल्या नालासोपाऱ्यांत ती असणें स्वाभाविक. पण सर्वांत जवळचें तिचें रान समुद्रापलीकडे असेल, तर ती आणलेली असण्याचा संभव मोठा.

पांचवा पुरावा वृद्धांच्या जबाबाचा. वाडींतील जुनीं माणसें, तसेंच तुंगारेश्वराच्या पायथ्याचे वारली व मल्हारकोळी यांस रोप दाखवून विचारावें. नांव आधीं आपण सांगूं नये; जबाब घेतांना उत्तर साक्षीदाराच्या तोंडीं घालूं नये हा नियम येथेंहि लागू आहे. नांव काय, केव्हां फुलतें, रानांत कोठें पाहिलें, हें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें.

४. तीन दाव्यांचा निकाल

बावखलावरच्या त्या आंब्यावर व शेजारच्या चार झाडांवर मिळून आम्हांस तीन प्रकारच्या आमरी दिसल्या.

पहिली सीतेची वेणी. पट्ट्यासारखीं पन्हळी पानें, पानाचें टोंक कुरतडल्यासारखें दुभंगलेलें, आणि हातभर लोंबणारी, जांभळ्या ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांची दाट वेणी. जुन्या ग्रंथांत कोंकणची नोंद आहे. सह्याद्रींत व कोंकणांत ती सलग आढळते. पाहणींत पांच झाडांपैकीं तीन झाडांवर लहान, मध्यम व जून अशीं रोपें मिळालीं, व कोठेंहि बांधल्याची खूण नव्हती. दोन वारली वृद्धांनीं न विचारतां रानांतल्या जागा सांगितल्या. पांचहि पुरावे एका बाजूस पडले. निकाल: मिरासदार.

दुसरी जांभळ्या फुलांची, पेन्सिलीसारख्या उभ्या कांड्यांची. काथ्या अजून खोडास होता. ही दादरच्या फूलबाजारांत मिळणाऱ्या डेंड्रोबियमच्या संकरांपैकीं. ह्या संकरांच्या पूर्वजांत ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीकडची एक जात मुख्य आहे. संकर माणसानें केलेला, त्यामुळें त्यास मूळचें असें रानच नाहीं. चार वर्षें फुलूनहि आसपास एकहि रोप रुजलेलें नव्हतें. निकाल: पाहुणी. जाळीच्या छायेंत ती जरूर लावावी, विकावी; फुलास भाव आहे. पण हौसेनें किंवा पुण्य म्हणून ती रानांतल्या झाडावर नेऊन बांधूं नये.

तिसरी जाड, चामड्यासारख्या पानांची. ती पिवळ्या फुलांवर तांबूस पट्टे येणारी कानभेर असावी असें आम्हांस वाटलें. परंतु तिला फूल आलेलें आम्हीं पाहिलें नाहीं, व नुसत्या पानांवरून आमरीची जात सांगणें धोक्याचें. निकाल राखून ठेवला आहे. संशय असतां फेरफार मंजूर करूं नये, हें जसें दप्तरांत तसेंच येथें.

निकाल शेजाऱ्यांस सांगितला, तेव्हां त्यांच्या चिरंजीवांनींच शिडी आणली. श्रावणांतल्या पावसांत सीतेच्या वेणीचीं अकरा रोपें, शक्य तेथें सालीच्या तुकड्यासकट, सोडवून घेतलीं व आमच्या दोन आंब्यांवर काथ्यानें बांधलीं. तिसरीचींहि दोन रोपें घेतलीं. अकरांपैकीं सात जगलीं. यंदाच्या ज्येष्ठांत दोहोंवर वेणी आली. ज्या झाडांवरून आम्हींच ती काढविली होती, त्यांवरच ती आली. मातोश्री पाहावयास नाहींत, एवढेंच उणें.

५. बागाईतदारांनीं काय करावें

वाड्यांतले जुने आंबे दरसाल कमी होत आहेत. झाड पडलें कीं त्यावरची आमरी वाळून जाते, व तिची नोंद कोठेंहि राहत नाहीं. आम्हीं स्वतः नोकरींत कित्येक झाडांची मोजणी लिहिली, पण झाडावर काय आहे ह्याचा रकाना आमच्या कागदांत कधींच नव्हता. तो रकाना आतां आपण आपल्या वहींत घालावा. गांव व सर्व्हे नंबर, झाड कोणतें, आमरी जमिनीपासून किती उंचीवर, रोपें लहान किती, मोठीं किती, बांधल्याची खूण आहे कीं नाहीं, फुलाची तारीख व रंग, सांगणाराचें नांव. फुलाचें, पानाच्या टोंकाचें व संपूर्ण रोपाचें अशीं तीन छायाचित्रें घ्यावींत. नमुना पाहिजे असेल तर रोप उपटूं नये. फुलांचा एक तुरा जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवावा, चिठ्ठी लिहावी व जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून तपासून घ्यावा.

तुंगारेश्वर हें २००३ पासून अभयारण्य आहे. तेथून परवानगीवांचून रोप आणणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. पाहावें, लिहावें, व हात न लावतां यावें. स्वतःच्या वाडींतलें झाड पाडणें प्राप्तच झालें, तर आधीं एका पावसाळ्याची मुदत ठेवून त्यावरील आमरी शेजारच्या त्याच जातीच्या झाडावर, सकाळचें ऊन मिळेल अशा बाजूस, हलवाव्यात.

हें काम पंडितांचेंच आहे असें कोणीं समजूं नये. ग्रॅहॅम हे टपाल खात्यांत अधिकारी होते. डाल्झेल जकात खात्यांत नोकरीस म्हणून मुंबईस आले. कुक हे मूळचे इंजिनियर, व वसईच्या खाडीवरील रेल्वेच्या लोखंडी पुलाच्या बांधणीवर ते होते. पोटाचा उद्योग संभाळून त्यांनीं आपल्या मुलखाचें दप्तर लिहिलें. आपण तर ह्या झाडांखालींच राहतों. येत्या ज्येष्ठांत प्रत्येक सभासदानें आपल्या वाडींतील एक जुनें झाड वर मान करून नीट पाहावें व वरील रकान्यांप्रमाणें एक कागद भरून आपल्या संघाकडे द्यावा. दहा गांवांचे कागद एकत्र आले म्हणजे ह्या भागांत मिरासदार कोण व उपरी कोण, ह्याचें उत्तर कोणास आठवणीवरून द्यावें लागणार नाहीं.